पोलिसांचा मेसेज आलाय, पण पोलिसांचाच का?

पोलिसांच्या नावाने येणारा प्रत्येक मेसेज खोटा असता तर काम सोपं होतं. पुसून टाकायचा आणि चहा ठेवायचा. अडचण अशी की पोलिस खरोखरच फोन करतात. पासपोर्टचं व्हेरिफिकेशन लागलं की थान्यातून (पोलीस ठाण्यातून) फोन येतो. सिग्नल तोडला की चलानाचा एसएमएस येतो. गल्लीत चोरी झाली तर तुमच्या दारावरच्या कॅमेऱ्याचं फुटेज मागायला उपनिरीक्षक फोन करतात. कोणाला अटक झाली तर त्याच्या घरच्यांना किंवा मित्राला कळवणं पोलिसांवर कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि तेही बहुधा फोनवरच कळवलं जातं.

म्हणून "पोलिसांचा फोन म्हणजे फसवणूक" हे सूत्र कामाचं नाही. "पोलिसांचा फोन म्हणजे सांगतील ते ऐकायचं" हे तर त्याहून घातक.

मेसेज आला की बहुतेक जण तो निरखत बसतात. शिक्का आहे का, सही आहे का, डीपीवर वर्दीतला माणूस आहे का, ट्रूकॉलरवर काय नाव येतंय. यातलं काहीच पुरावा नाही. शिक्का पाच मिनिटांत बनतो. वर्दीतला फोटो खऱ्या अधिकाऱ्याचाच असतो, फक्त फोन दुसऱ्याचा असतो. ट्रूकॉलरवरचं नाव बहुतेक वेळा लोकांनी जतन केलेल्या नावांवरून येतं, सरकारी यादीवरून नाही. उलट खरे तपास अधिकारीही पुष्कळदा साध्या दहा आकडी मोबाईलवरूनच बोलतात, त्यामुळे "सरकारी नंबर नाही म्हणजे खोटा" हेही धरता येत नाही.

खरं-खोटं ठरतं ते दुसऱ्या वाटेने. ज्या फोनवरून, ज्या लिंकवरून, ज्या चॅटमधून मजकूर आला ती वाट सोडायची, आणि आपण स्वतः शोधलेल्या वाटेने त्याच थान्यापर्यंत किंवा त्याच खात्यापर्यंत पोचायचं. यामागे साधं तांत्रिक कारण आहे. फसवणारा तुमच्या स्क्रीनवर खऱ्या थान्याचा लँडलाइन नंबर उमटवू शकतो, कारण येणाऱ्या कॉलवर दिसणारा नंबर बदलता येतो. पण तोच नंबर तुम्ही हाताने फिरवलात तर नेटवर्क तो कॉल नंबराच्या खऱ्या मालकाकडे नेतं. येणारा कॉल खोटं बोलू शकतो. तुम्ही केलेला कॉल सहसा नाही. सहसा म्हटलं, कारण फोनमध्ये एखादं घातक अ‍ॅप आधीच शिरलेलं असेल तर ते कॉलही वळवू शकतं. संशयास्पद फाइल उघडली गेली असेल तर पडताळणी घरातल्या दुसऱ्या फोनवरून करा.

हे एकदा लक्षात आलं की फसवणाऱ्यांच्या सगळ्या सूचनांचा अर्थ उलगडतो. "फोन कट करू नका." "कोणाला सांगू नका, प्रकरण गोपनीय आहे." "खोलीचं दार लावा, कॅमेरा सुरू ठेवा." "दोन तासांत उत्तर आलं नाही तर वॉरंट निघेल." या चारही सूचना तुमची दुसरी वाट बंद करण्यासाठी आहेत. खऱ्या पोलिसाला तुम्ही थान्यात जाऊन विचारलंत तर फरक पडत नाही. खोट्याचा धंदा तिथेच बसतो.

कायद्यात फोनवर काय चालतं

"व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली प्रत्येक नोटीस खोटी" असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात माणूस अडकतो.

१ जुलै २०२४ पासून जुन्या दंड प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. एखाद्यावर गुन्ह्याचा संशय आहे पण लगेच अटकेची गरज नाही, तेव्हा पोलिस कलम ३५(३) खाली "हजर राहा" अशी नोटीस देतात. जुन्या कायद्यात हेच ४१-अ होतं. ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा इतर इलेक्ट्रॉनिक मार्गाने देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात २१ जानेवारी २०२५ रोजी बजावलं. हरियाणा सरकारने त्यात सवलत मागितली. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने तीही नाकारली. म्हणजे "तुम्ही आरोपी आहात, हजर व्हा" हा कागद फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर आला असेल तर तो कायद्याने बजावलेली नोटीस ठरत नाही. पाठवणारा खरा पोलिस असला तरीही.

साक्षीदाराचं वेगळं आहे. कलम १७९ खाली तपास अधिकारी साक्षीदाराला लेखी आदेशाने बोलावू शकतात, पण आपल्या थान्याच्या किंवा लगतच्या थान्याच्या हद्दीतल्या माणसालाच. मुंबईचे अधिकारी या कलमाच्या जोरावर इंदूरच्या सुदामा नगरातल्या माणसाला "उद्या सकाळी अंधेरीला या" असं फर्मावू शकत नाहीत. शिवाय बाई असेल, साठीच्या वरचा पुरुष असेल, पंधराच्या आतला मुलगा असेल, दिव्यांग किंवा गंभीर आजारी असेल, तर जबाबासाठी राहत्या जागेबाहेर यायची सक्ती नाही. जुन्या कायद्यात ही वयाची रेघ ६५ वर होती, आता ६० आहे. आपल्याकडे मुलं पुण्या-बेंगळुरूला आणि आई-वडील दोघंच घरात, अशी घरं फार. त्या आई-वडिलांना हे एक कलम माहीत असणं दहा सावधगिरीच्या मेसेजपेक्षा मोलाचं आहे.

आता उरलेलं अर्ध. कागदपत्रं किंवा फुटेज मागणारा कलम ९४ चा लेखी आदेश इलेक्ट्रॉनिक रूपात देता येतो. म्हणजे कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगसाठी आलेला मेसेज खरा आणि कायदेशीर, दोन्ही असू शकतो. कोर्टाचा समन्सही न्यायालयाच्या शिक्क्याच्या प्रतिमेसह किंवा डिजिटल सहीसह इलेक्ट्रॉनिक रूपात येऊ शकतो. तो मात्र तपासायला सर्वांत सोपा. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर असतो. ई-कोर्ट्सच्या सरकारी साइटवर किंवा अ‍ॅपवर तो टाकला की पक्षकार, न्यायालय, पुढची तारीख समोर येते. नंबर नसेल तर जिल्हा आणि कोर्ट निवडून नावाने शोधता येतं.

आणि "डिजिटल अरेस्ट"? असा शब्द कुठल्याच कायद्यात नाही. अटकेला माणूस समोर लागतो. अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव स्पष्ट दिसलं पाहिजे, अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीने झाला पाहिजे, कारण सांगितलं पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं केलं पाहिजे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करायची तर तसंच अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्याची आधी घेतलेली परवानगी लागते. यातलं काय व्हिडिओ कॉलवर होणार आहे?

चलानाचा मेसेज

सगळ्यात जास्त लोक इथे घसरतात, कारण इथे भीती कमी आणि शक्यता जास्त. इंदुरात गाडी चालवणाऱ्याला "आपण सिग्नल तोडलाच नसेल" अशी खात्री कुठून असणार?

आधी पाठवणारा पाहा. सरकारी चलानाचा एसएमएस दहा आकडी मोबाईल नंबरावरून येत नाही. तो रोमन अक्षरांच्या नावाने येतो. सुरुवातीला दोन अक्षरं, मग आडवी रेघ, मग पाठवणाऱ्याचं नाव. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०२५ च्या बदलांनंतर शेवटी आणखी एक रेघ आणि एक अक्षर दिसतं: जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी आणि सरकारीला जी. शेवटी जी असणं ही चांगली खूण, पण खूणच. त्यावर पैसे भरू नका.

मग लिंक वाचा, आणि ती उजवीकडून वाचा. चलानाची खरी साइट आहे ईचलान डॉट परिवहन डॉट जीओव्ही डॉट इन. खोट्या लिंकमध्येही हे सगळे शब्द असतात, फक्त त्यांच्या मागे आणखी काही चिकटवलेलं असतं. उदाहरणार्थ: परिवहन डॉट जीओव्ही डॉट इन डॉट चलान-भरा डॉट कॉम. पहिली तिरपी रेघ जिथे येते तिथे थांबायचं आणि तिथून मागे दोन-तीन तुकडे वाचायचे. मालक तिथे असतो. वरच्या उदाहरणात मालक आहे "चलान-भरा डॉट कॉम", बाकी सगळी सजावट. शेवट "जीओव्ही डॉट इन" वर होत नसेल तर ती चलानाची सरकारी साइट नाही. जीओव्ही आणि इन यांच्यामधला बिंदू काढून तिथे आडवी रेघ टाकणं हीही नेहमीची चलाखी.

लिंक बरोबर वाटली तरी ती दाबू नका. ब्राउझर उघडून पत्ता स्वतः टाका. तिथे तीन मार्गांनी शोधता येतं: चलान नंबर, गाडीचा नंबर किंवा लायसन्स नंबर. गाडीच्या नंबराने शोधायचं तर चेसिस किंवा इंजिन नंबराचे शेवटचे पाच अंक लागतात; ते आरसी बुकावर मिळतील. मेसेजमधल्या चलान नंबरापेक्षा गाडीच्या नंबराने शोधणं बरं, कारण चलान नंबर मेसेजवाल्याने दिलेला आहे आणि गाडी तुमची आहे. कॅमेऱ्याच्या चलानात जागा, तारीख, वेळ आणि गाडीचा नंबर प्लेटसकट फोटो असतो, आणि मोटार वाहन नियमांप्रमाणे त्याची सूचना ठरलेल्या मुदतीत मिळायला हवी. फोटोत गाडी लाल मोपेड आणि तुमची पांढरी अ‍ॅक्टिव्हा असेल तर भरू नका, हरकत घ्या. साइटवर काहीच दिसलं नाही तर ट्रॅफिक थान्यात गाडीचा नंबर सांगून विचारता येतं.

एक गोष्ट मात्र विचारायचीच गरज नाही. चलान कधीही अ‍ॅपची फाइल म्हणून येत नाही. "आरटीओ चलान" किंवा "एम परिवहन" नावाची, शेवटी एपीके असलेली (म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर आली असेल तर ती फाइल म्हणजेच चोर. ती तुमच्या मावशीच्या नंबरावरून आली असली तरी. मावशीने ती दाबली, तिच्या फोनचा ताबा गेला, आणि तिच्या नावाने ती फॅमिली ग्रुपमध्ये पडली, असा तिचा प्रवास असतो. अ‍ॅप बसलं की पहिली परवानगी मागतं एसएमएस वाचायची. ती दिली की बँकेचे ओटीपी तुमच्याआधी तिकडे पोचतात. पुढे पिन विचारणारा फोनही येत नाही, कारण गरजच उरत नाही.

मुंबईहून फोन

आपल्या मराठी घरांत फसवणाऱ्याला आयती सापडलेली एक फट आहे. मुंबई-पुण्यात आपलं कोणी ना कोणी असतंच. "मुंबई क्राइम ब्रांच" ऐकलं की इंदूरच्या माणसाला ते परकं वाटत नाही, आणि "तुमच्या आधारवर घेतलेल्या सिममधून गैरप्रकार झालेत" हे ऐकताना मनात भाच्याकडे दिलेली झेरॉक्स आठवते. बोलणारा मराठीत बोलला तर आणखी विश्वास बसतो. मराठी बोलता येणं हा कसलाच पुरावा नाही. भाषा कोणीही बोलू शकतो.

कागदावरची भाषा मात्र थोडं काही सांगते. महाराष्ट्रातल्या थान्याचा कागद असेल तर तो सहसा मराठीत असतो: गुन्ह्याला "गु.र.नं." म्हणतात, कायद्याच्या खंडाला "कलम", आणि मुंबईत ठाण्याच्या प्रमुखाला "वरिष्ठ पोलीस निरीक्षक". आपल्याकडचा, म्हणजे मध्य प्रदेशातला, कागद हिंदीत असतो: "अपराध क्रमांक", "धारा", "थाना प्रभारी", बोलताना टीआय. मुंबईच्या शिक्क्याखाली मराठी मजकुरात "धारा" आणि "थाना प्रभारी" आले असतील तर तो मजकूर मशीनने मराठी केलेला आहे, हे मराठी वाचणाऱ्याला लगेच कळावं. तसंच इंदूर शहराला डिसेंबर २०२१ पासून पोलिस आयुक्त आहेत. आजच्या तारखेच्या कागदावर "पुलिस अधीक्षक (पूर्व), इंदौर" असा शिक्का असेल तर बनवणाऱ्याने जुना नमुना उचललाय. आणि सीबीआय, रिझर्व्ह बँक, ट्राय, इंटरपोल या चौघांची बोधचिन्हं एकाच पानावर असतील तर पुढे वाचायचं कारणच नाही. ही खाती एका लेटरहेडवर नांदत नाहीत.

पण सावध राहा: या खुणा सापडल्या तर कागद खोटा. न सापडल्या तर खरा, असं नाही. चांगला नमुना समोर ठेवून बनवलेला कागद निर्दोष दिसू शकतो.

व्हॉट्सअ‍ॅप कॉल +९२ सारख्या परदेशी कोडवरून असेल तर विचार करायला थांबू नका, कट करा. अशा कॉलबद्दल दूरसंचार विभागाने मार्च २०२४ मध्येच इशारा दिला होता.

"तुमचा मुलगा पोलिसांच्या ताब्यात आहे" हा फोन सगळ्यात कठीण, कारण मागे रडण्याचा आवाज असतो आणि तो आवाज मुलासारखाच वाटतो. मुलाच्या आवाजाची थोडीशी रेकॉर्डिंग मिळाली तरी तशी नक्कल आता मशीन करतं. खरे पोलिस अटकेची खबर देतात तेव्हा सांगतात: कुठल्या थान्यात ठेवलंय, कुठल्या कोर्टात नेणार. "प्रकरण मिटवायला" किती लागतील हे सांगत नाहीत. फोन कट करून मुलाच्या नंबरावर लावा. त्यांनी आधीच "त्याचा फोन जप्त आहे" म्हणून ठेवलेलं असतं, म्हणून तिथेच थांबू नका. रूममेट, ऑफिस, हॉस्टेलची वॉर्डन, कोणीही एक. बाहेरगावी शिकणाऱ्या मुलांच्या दोन मित्रांचे नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवायला काही खर्च नाही.

दुसरी वाट कशी धरायची

फोन सुरू असताना वाद घालू नका आणि "तुम्ही खोटे आहात" असंही म्हणू नका. पलीकडचा माणूस दिवसभर हेच करतो. वादात तो तुमच्यापेक्षा तयार असतो. फक्त माहिती घ्या आणि लिहून काढा: नाव, पद, थाना, जिल्हा; गुन्ह्याचा नंबर आणि वर्ष; कलमं; आणि तुम्हाला साक्षीदार म्हणून विचारताहेत की आरोपी म्हणून. शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत, पण वर पाहिलं तसं सगळे नियम त्यावर ठरतात. मग एवढंच: "सर, मैं अपने थाने जाकर वहीं से आपको फोन लगवाता हूँ। नोटिस उन्हीं के ज़रिए भिजवा दीजिए।" आणि फोन ठेवा. परवानगीची वाट पाहू नका.

यानंतर पलीकडचा काय करतो हेही पाहण्यासारखं असतं. खरा अधिकारी कंटाळलेल्या आवाजात "ठीक है" म्हणतो. खोटा लगेच परत फोन लावतो, वरचा "साहेब" लाइनवर आणतो, आवाज चढवतो. हा पुरावा नव्हे, पण अनुभवी कानाला पुरेसा.

तुमच्या भागाचा थाना, अन्नपूर्णा असो, तुकोगंज असो की सराफा, तिथे जाऊन ड्यूटीवरच्या प्रधान आरक्षकाला (हवालदाराला) मेसेज दाखवा. जमलं तर मेसेजची प्रिंट आणि तुमची लिहिलेली टिपणं न्या. फोन हातात देऊन "बघा हो" म्हणण्यापेक्षा कागदाकडे नीट पाहिलं जातं. दुसऱ्या गावच्या थान्याला थान्यातूनच फोन लावून विचारता येतं. थान्यात जाणं शक्य नसेल तर संबंधित राज्य पोलिसांच्या अधिकृत साइटवरून त्या थान्याचा नंबर काढा. गुगलवर "अमुक थाना फोन नंबर" असं शोधून वर येईल तो नंबर घेऊ नका, आणि नकाशावरचाही नको. नकाशावरचे तपशील कोणीही सुचवून बदलू शकतो, आणि शोधात वर आलेली ओळ जाहिरातही असू शकते.

एफआयआर बघता येतो का? बहुतेक वेळा हो. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये युथ बार असोसिएशनच्या प्रकरणात सांगितलं की एफआयआर २४ तासांत पोलिसांच्या साइटवर टाकावा. जिथे नेटवर्कची अडचण आहे तिथे मुदत थोडी जास्त. मध्य प्रदेश पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर आणि महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर जिल्हा, थाना आणि तारीख निवडून तो शोधता येतो. इथे दोन ठिकाणी गफलत होते. लैंगिक गुन्हे, दहशतवाद यांसारख्या संवेदनशील प्रकरणांचे एफआयआर साइटवर टाकत नाहीत, म्हणून "सापडला नाही म्हणजे खोटा" हे पक्कं नाही. दुसरी गफलत जास्त महाग पडते: फसवणारे साइटवरूनच खऱ्या गुन्ह्याचा नंबर उचलतात. नंबर टाकला, एफआयआर उघडला, आणि माणूस घाबरून कोलमडला. तो एफआयआर खरा आहे. त्यात तुमचं नाव आहे का ते वाचा. तुमचा त्या गुन्ह्याशी संबंध आहे असं फक्त फोनवरचा माणूस म्हणतोय.

इतर खात्यांच्या कागदांना स्वतःची कुलपं आहेत. आयकर खात्याच्या पत्रावर ऑक्टोबर २०१९ पासून डिन नावाचा नंबर असतो आणि तो आयकर पोर्टलवर लॉगिन न करता तपासता येतो. ईडीच्या समन्सवर क्यूआर कोड आणि पासकोड असतो. क्यूआर स्कॅन करताना उघडणारा पत्ता पुन्हा उजवीकडून वाचा. खोट्या कागदावरचा क्यूआर खोट्या साइटवर नेतो आणि ती साइट "पत्र खरे आहे" असंच सांगते.

पासपोर्टसाठी फोन आला तर पासपोर्ट सेवा साइटवर फाइल नंबर टाकून स्थिती बघा. व्हेरिफिकेशन पोलिसांकडे गेलंय की नाही ते तिथेच दिसतं. त्यासाठी पोलिसांना द्यायची कुठलीही फी नाही, शून्य.

नोटीस खरी निघाली तर? मग टाळू नका. कलम ३५ च्या नोटिशीला वेळेवर हजर राहणाऱ्याला त्या गुन्ह्यात अटक करायची तर पोलिसांना कारण लिहून ठेवावं लागतं. न जाणारा स्वतःच अटकेचं कारण पुरवतो. नोटिशीची पोच घ्या, चौकशीत वकिलाला भेटायचा हक्क आहे तो वापरा. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर १५१०० आहे.

"तुमचं खातं पोलिसांनी गोठवलंय"

हा मेसेज खरा असण्याची शक्यता लोकांना वाटते त्यापेक्षा जास्त आहे. कोणाची तरी फसवणूक झाली, त्यातला पैसा पाच-सहा खात्यांतून फिरत तुमच्या दुकानाच्या क्यूआरवर बाराशे रुपयांच्या साडीपोटी आला, आणि दूरच्या राज्यातल्या सायबर थान्याने बँकेला कळवून तेवढी रक्कम अडवली. यात तुम्ही काहीही केलेलं नसतं. जप्तीचा अधिकार आता कलम १०६ मध्ये आहे, पूर्वी १०२ मध्ये होता.

मेसेजमधल्या नंबरावर नको, आपल्या शाखेत जा आणि तीन गोष्टी लेखी मागा: किती रक्कम अडवली, तक्रारीचा पोच क्रमांक काय, आणि कुठल्या थान्याने कळवलं. त्या थान्याला साडीचं बिल आणि खात्याचा उतारा शाखेमार्फत किंवा अधिकृत ईमेलवर पाठवा. "दहा हजारांत आजच खातं मोकळं करून देतो" म्हणणारा मेसेज याच्या मागोमाग येतो. त्याला उत्तर देऊ नका.

दाबलं गेलंच असेल तर

एपीके बसली असेल तर फोन लगेच एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून नेट बँकिंग, यूपीआय आणि कार्ड बंद करा. मग अ‍ॅप काढा. निघत नसेल तर सेटिंग्जमध्ये डिव्हाइस अ‍ॅडमिन आणि अ‍ॅक्सेसिबिलिटी या दोन ठिकाणी त्याला दिलेला अधिकार आधी काढावा लागतो. इथेच बहुतेकांचं अडतं. एसएमएससाठी ठरलेलं अ‍ॅप बदललंय का पाहा. व्हॉट्सअ‍ॅपच्या "लिंक्ड डिव्हायसेस"मध्ये अनोळखी यंत्र असेल तर बाहेर काढा. एअरप्लेन मोड काढल्यावर, कॉल कुठे वळवलाय का हे *#२१# फिरवून दिसतं. ##००२# ने सगळं वळवणं रद्द होतं. खात्री वाटत नसेल तर फोन फॅक्टरी रीसेट करा, फोटोंचा मोह सोडून.

पैसे गेले असतील तर पहिला फोन १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला. नातेवाइकांना नंतर, थान्यात नंतर. कारण पैसा एका खात्यात थांबत नाही. तो पुढच्या, मग त्याच्या पुढच्या खात्यात सरकत एटीएममधून बाहेर पडतो, आणि १९३० ची यंत्रणा जिथे तो सापडेल तिथे अडवायचा प्रयत्न करते. फोनआधी कागदावर मांडून ठेवा: तुमची बँक आणि खाते क्रमांक, गेलेली रक्कम, तारीख-वेळ, समोरचा यूपीआय आयडी किंवा खाते क्रमांक, आणि प्रत्येक व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, यूपीआयचा तो बारा आकडी असतो. पाच व्यवहार झाले असतील तर पाचही सांगा. फक्त शेवटचा सांगितला की बाकीचे चार वाहून जातात. लाइन लागली नाही तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार भरा. चॅट पुसू नका, नंबर ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. पैसे गेले नसतील, नुसता मेसेज आला असेल, तर तो दूरसंचार विभागाच्या संचार साथी साइटवरच्या "चक्षू" मध्ये कळवता येतो.

तक्रारीचा पोच क्रमांक जपून ठेवा आणि कोणालाही फोनवर वाचून दाखवू नका. कारण आठ-पंधरा दिवसांनी आणखी एक फोन येतो. या वेळी आवाज मऊ असतो. "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवून घ्यायला फक्त प्रोसेसिंग फी भरा." फसलेल्या माणसांच्या याद्या विकल्या जातात, आणि आशेवर असलेला माणूस भीतीतल्या माणसापेक्षाही लवकर पैसे भरतो. तो खरंच सायबर सेलचा असेल तर तुमच्या तक्रारीची स्थिती त्याच पोर्टलवर तुमच्या लॉगिनने दिसेल, आणि अडवलेली रक्कम परत येते ती बँकेमार्फत तुमच्या खात्यात. तिला सोडवून घ्यायला आगाऊ फी लागत नाही.